जुन्या बाटल्यांत घरची बिअर : पोर्टलंडमधील प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

आज कामाला सुरुवात केली. घरी तयार होणारी बिअर भरण्यासाठी या वेळी एकही नवी बाटली विकत घ्यायची नाही. बिअर किंवा सोडा भरून दुकानात विकल्या गेलेल्या आणि आमच्या किंवा ओळखीच्यांच्या घरी रिकाम्या झालेल्या बाटल्याच पुन्हा वापरायच्या, असे ठरवले आहे. एका खेपेत साधारण १९ लिटर बिअर भरावी लागते. इकडची नेहमीची लांब मानेची बाटली ३५५ मिलीलिटरची असते, म्हणजे केवळ तिच्यावर भिस्त ठेवली तर ५४ बाटल्या लागतील. गॅरेजमध्ये आज बऱ्याच निघाल्या.

कायद्याची बाजू आधीच लिहून ठेवतो, कारण या नोंदी भारतातील काही मित्रही वाचणार आहेत. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ज्या विधेयकावर स्वाक्षरी केली, त्यामुळे दोन किंवा अधिक प्रौढ माणसे राहत असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर कर न भरता घरच्यापुरती बनवता येते. ती विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे, त्यामुळे तिकडे कोणी या नोंदी वाचून बिअर बनवू नये. बाटली धुण्याचा आणि पारखण्याचा भाग मात्र सरबत, काकवी, आगळ अशा कशासाठीही उपयोगी पडेल.

रिकामी बाटली ठेवून घेणे येथे अगदी फुकट पडत नाही. ऑरेगॉन राज्याने १९७१ साली बाटल्यांवरील अनामतीचा कायदा संमत केला आणि तो पुढच्या वर्षी लागू झाला. तेव्हा पाच सेंट असलेली अनामत एप्रिल २०१७ पासून दहा सेंट आहे. म्हणजे परत न केलेल्या प्रत्येक बाटलीमागे माझे दहा सेंट जातात, जे नव्या बाटलीच्या किमतीपुढे नगण्य आहेत. एक पथ्य मात्र पाळणार आहे. राज्यात पुन्हा भरण्यासाठीच बनवलेल्या, काचेतच तशी अक्षरे उमटवलेल्या जाड बाटल्या काही ब्रुअरी वापरतात. त्या धुऊन पुन्हा ब्रुअरीकडेच जाव्यात अशी ती व्यवस्था आहे, म्हणून माझ्याकडे आलेल्या तशा चारही बाटल्या परत करण्याच्या पिशवीत टाकल्या आहेत. काच उत्तम असूनही मोह आवरला.

१७ जानेवारी, बुधवार

एक चूक नोंदवायची आहे. लेबले सुटावीत म्हणून १२ तारखेच्या रात्री १४ बाटल्या पाण्याने काठोकाठ भरून मागच्या ओट्यावर टबात उभ्या ठेवल्या होत्या. १३ तारखेला शहरावर हिमवादळ आले, तापमान शून्याखाली दहा अंशांच्या आसपास उतरले, आमच्या भागातील वीज गेली आणि घर उबदार ठेवण्याच्या धडपडीत टबाकडे कोणी फिरकले नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. अकरा बाटल्या मधोमध चिरल्या आहेत.

उरलेल्या तीन वरवर शाबूत दिसतात, तरी त्याही बाद केल्या. कारण सांगतो. काच दाबाने फुटते ती बहुतेक वेळा तिच्या पृष्ठभागावरील एखाद्या सूक्ष्म चिरेपासून, आणि तशी चीर डोळ्यांना दिसेलच असे नाही. बिअर भरलेली बाटली हे दाबाचे भांडे असते. घरच्या पद्धतीत बिअरमध्ये वायू बाहेरून सोडत नाहीत. भरताना थोडी साखर घालतात, बाटलीत उरलेले यीस्ट ती खाते आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बंद झाकणामुळे बिअरमध्येच विरघळतो. एक लिटर बिअरमध्ये २.४ लिटर वायू विरघळला, तर २० अंश सेल्सिअसला बाटलीच्या आत सुमारे २६ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाब असतो. हा दाब आठवडेच्या आठवडे सोसणाऱ्या काचेवर केवळ नजरेने विश्वास टाकणे मला मान्य नाही.

२० जानेवारी, शनिवार

रस्ते मोकळे झाले. हिल्सबरोच्या मित्राने एक खोके आणून दिले आणि शेजारच्या आजोबांनी आपल्या तळघरातील एक जुने खोके उचलून न्यायला सांगितले. दिवसभर निवड केली.

पहिली चाळणी तोंडाची. धातूच्या दातेरी झाकणाची पद्धत बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांची, पेटंट १८९२ चे; त्यांच्या झाकणाला २४ दाते होते, आज २१ असतात. ते ओपनरने उचकटायचे असेल तर बाटलीचा ओठ गुळगुळीत आणि गोल असतो. हाताने पिळून उघडण्याच्या ट्विस्ट-ऑफ बाटलीच्या ओठावर आटे असतात. अशा बाटलीवर नवे झाकण दाबून बसवता येते आणि ते बसल्यासारखे दिसतेही, पण आट्यांमुळे त्याची पकड सर्वत्र सारखी राहत नाही आणि महिन्याभराने बिअर वायू निसटून गेलेली निघते. माझ्या दोन दांड्यांच्या कॅपरला (झाकण दाबून बसवण्याच्या हत्याराला) तर ओठाखालच्या जाड कड्याचा आधार लागतो आणि ट्विस्ट-ऑफ बाटलीचे ते कडे बहुधा पुरेसे भरीव नसते. बोट फिरवले की आटे कळतात. अशा १७ बाटल्या बाजूला काढल्या.

स्पार्कलिंग सायडरच्या ७५० मिलीलिटरच्या दोन बाटल्यांचे वाईट वाटले. काच इतकी जाड की वायूचा दुप्पट दाबही तिने सहज पेलला असता. परंतु तिच्या तोंडाला २९ मिलिमीटरचे झाकण लागते आणि माझ्याकडची झाकणे व कॅपरचा साचा, दोन्ही २६ मिलिमीटरचे आहेत. त्या पुढे कधीतरी.

दुसरी चाळणी रंगाची. हॉप्स या वेलीच्या फुलांमधून बिअरला कडवटपणा देणारी जी द्रव्ये येतात, ती निळसर प्रकाशात तुटतात आणि त्यांतून गंधकयुक्त, अत्यंत उग्र वासाचे एक संयुग तयार होते. इकडे त्या वासाची तुलना स्कंक या प्राण्याशी करतात. तपकिरी काच हा प्रकाश अडवते, हिरवी फारच थोडा अडवते आणि पारदर्शक काच मुळीच नाही. माझी साठवण अंधाऱ्या कपाटात असल्याने हिरव्या बाटल्या चालल्याही असत्या, पण भेट दिलेली बाटली कोणाच्या खिडकीत उभी राहील हे माझ्या हाती नाही. तपकिरी तेवढ्या ठेवल्या.

तिसरी चाळणी वजनाची, आणि ती मी स्वतःची म्हणून लावली आहे. स्वयंपाकघरातील काट्यावर रिकाम्या, कोरड्या बाटल्या ठेवल्या तेव्हा बहुतेक १९५ ते २१० ग्रॅम भरल्या; काही १७५ च्या आसपास होत्या. बाहेरचे माप तेच आणि वजन कमी, याचा अर्थ काच पातळ. १९० ग्रॅमच्या खालची बाटली घ्यायची नाही अशी रेघ आखली. ही रेघ कोणत्याही मानकातील नाही.

१९ लिटर पुरे पडावेत म्हणून वायरची कडी आणि रबरी चकती असलेल्या ४५० मिलीलिटरच्या दोन बाटल्याही घेतल्या आहेत. त्यांची काच भरभक्कम असते. रबर तेवढे तडकले होते, ते बदलले.

सगळ्या चाळण्यांतून शेवटी ४८ तपकिरी बाटल्या उरल्या : आमच्या घरच्या २६, मित्राच्या १३ आणि शेजारच्या आजोबांच्या ९.

२८ जानेवारी, रविवार

लेबले काढली. कागदी लेबलासाठी धुण्याचा सोडा आणि सोसवेल इतके गरम पाणी पुरते. अर्ध्या तासात बहुतेक लेबले आपोआप तरंगू लागतात आणि मागे राहिलेला डिंक भांड्याच्या घासणीने निघतो. प्लॅस्टिकच्या चिकट लेबलांना हा उपाय लागू पडत नाही, कारण पाणी आतल्या डिंकापर्यंत पोहोचतच नाही. तेथे उलटे करावे लागते : बाटली आतून गरम पाण्याने भरायची, पाचेक मिनिटांनी डिंक मऊ झाला की लेबल एका कोपऱ्यातून सावकाश सोलायचे. आणखी एक काळजी घ्यावी. गॅरेजमधून आणलेल्या गारठलेल्या बाटलीत एकदम उकळते पाणी ओतले तर काचेला तडा जाण्याची शक्यता असते, म्हणून बाटल्या आदल्या रात्रीच घरात आणून ठेवल्या होत्या.

४ फेब्रुवारी, रविवार

कालचा आणि आजचा दिवस बाटलीच्या आतल्या बाजूसाठी. प्रत्येक बाटली उलटी धरून तळातून विजेरीचा झोत टाकला. ज्यांनी बिअर संपताक्षणी बाटली विसळली होती, त्यांच्या बाटल्या आरशासारख्या लख्ख होत्या. आजोबांच्या नऊपैकी पाच बाटल्यांच्या तळाशी तपकिरी कडे वाळलेले होते आणि दोहोंत बुरशीचा पापुद्रा होता.

या नऊ बाटल्या ठेवाव्यात की नाही, यावर बराच विचार केला. काच सच्छिद्र नसते, त्यामुळे ती तत्त्वतः पूर्ण स्वच्छ होऊ शकते. अडचण वाळलेल्या थराची आहे : निर्जंतुक करणारे द्रावण थराच्या पृष्ठभागावरील जंतू मारते, आतल्यांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून आधी थर शंभर टक्के निघालाच पाहिजे, निर्जंतुकीकरण त्यानंतर. सोडियम परकार्बोनेटच्या पावडरीच्या गरम द्रावणात सर्व बाटल्या रात्रभर बुडवून ठेवल्या आणि सकाळी लांब ब्रशने घासल्या. सात निवळल्या. दोन बाटल्यांच्या तळाच्या कोपऱ्यात, जेथे ब्रशचे केस वळत नाहीत तेथे, कडे तसेच राहिले.

संध्याकाळी आईशी फोनवर बोलताना सहज हे सांगितले. ती म्हणाली, "ब्रश कशाला हवा रे? मूठभर कण्या घाल, थोडं गरम पाणी घाल आणि खुळखुळव. आगळाच्या बाटल्या आम्ही अशाच धुवायचो." लहानपणी कोकणातून आमच्याकडे कोकमाचे आगळ आणि मध दारूच्या रिकाम्या बाटल्यांतच येत असे आणि त्या बाटल्या आजी वर्षानुवर्षे वापरत असे, हे त्यावरून आठवले. कण्या घरात नव्हत्या, तांदूळ लाटण्याने भरडून घेतले. दोन मिनिटे खुळखुळवल्यावर दोन्ही कडी निघाली. तांदळाचा पिठूळपणा मागे राहू नये म्हणून तीन वेळा विसळून पुन्हा परकार्बोनेटमधून काढल्या.

शेवटी ओठाची तपासणी : कापसाचा बोळा ओठावरून गोल फिरवायचा. जेथे टवका उडालेला असतो तेथे धागा अडकतो. एका बाटलीवर अडकला. तिच्या जागी ट्विस्ट-ऑफ नसलेली, वजनात बसणारी घरचीच एक नुकती रिकामी झालेली बाटली आली. संख्या पुन्हा ४८.

१० फेब्रुवारी, शनिवार

बिअर शिजवली. पेल एल या फिकट रंगाच्या प्रकारची, फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या भांड्यात) २० लिटर. हॉप्स केवळ कॅस्केड जातीचे, जे याच राज्यात कॉर्व्हॅलिस येथील सरकारी संशोधनातून १९७२ साली वितरित झाले. सुरुवातीची घनता १.०५२ (पाण्याची १.०००; साखर आंबत जाते तशी ती उतरते). फर्मेंटर १८ ते २० अंशांत ठेवला आहे. या नोंदी बाटल्यांच्या असल्याने कृती येथे देत नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

२४ तारखेला घनता १.०१२ होती, आजही १.०१२ आहे. हे दोन वेळचे मोजमाप टाळता येत नाही. आंबण्याचे काम अर्धवट असताना बिअर भरली, तर उरलेली साखर बाटलीत आंबते आणि भरताना घातलेल्या साखरेचा हिशेबच निरर्थक ठरतो. जुन्या बाटल्यांत भरायचे असताना तर ही घाई मुळीच करू नये.

२ मार्च, शनिवार

आज भरणी. आधी साखरेचा हिशेब. २० अंशांपर्यंत आंबलेल्या बिअरमध्ये एका लिटरला सुमारे ०.८५ लिटर वायू आधीच विरघळलेला असतो. मला २.४ हवा, म्हणजे आणखी १.५५ लिटर, वजनात सुमारे तीन ग्रॅम. घरातील साध्या साखरेच्या वजनाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड होतो. त्यानुसार लिटरमागे ५.९ ग्रॅम आणि १९ लिटरना ११२ ग्रॅम साखर. ती चमच्याने प्रत्येक बाटलीत घालण्याची पद्धत मी सोडून दिली आहे, कारण एका बाटलीत दीड पट आणि दुसरीत निम्मी पडण्याचा धोका त्यात असतो. थोड्या पाण्यात उकळून तिचा पाक भरणीच्या बादलीत तळाशी ओतला आणि त्यावर नळीने बिअर अलगद उतरवली, म्हणजे हवा न मिसळता ती सारखी पसरते.

निर्जंतुकीकरणासाठी स्टार सॅनचे आम्लयुक्त द्रावण : १९ लिटर पाण्यात ३० मिलीलिटर. ते पुन्हा विसळावे लागत नाही आणि फेस राहिला तरी चालतो. कठीण पाण्यात हे द्रावण लवकर गढूळ होते. पोर्टलंडला बुल रन खोऱ्यातील पाणी मिळते आणि ते फार मृदू असल्याने येथे ते बराच काळ नितळ राहते; या बाबतीत आम्ही भाग्यवान आहोत.

४८ तपकिरी बाटल्या, कडीच्या दोन, आणि त्यांखेरीज सोड्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन प्लॅस्टिक बाटल्या भरल्या. प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे काम वेगळे आहे. काचेच्या आत किती दाब झाला हे बाहेरून कळत नाही. सोड्याची बाटली दाबून पाहिली की कळते. तिची रचनाच बिअरपेक्षा जास्त वायूच्या पेयासाठी केलेली असते, त्यामुळे तिची चिंता नसते. मात्र प्लॅस्टिकमधून हळूहळू प्राणवायू आत शिरतो, म्हणून तिच्यातील बिअर आधी संपवायची.

प्रत्येक बाटलीत वरची सुमारे अडीच सेंटिमीटर जागा रिकामी सोडली. झाकणांवर मार्करने ठिपके दिले : घरच्या बाटल्यांना लाल, मित्राच्या हिरवा, आजोबांच्या निळा. पुढे काही बिघडले तर ते कोठून आले याचा माग लागावा, एवढाच हेतू. सर्व बाटल्या झाकणाच्या जाड प्लॅस्टिक पेट्यांत घालून कपाटात, २० अंशांना ठेवल्या.

९ मार्च, शनिवार

सोड्याच्या दोन्ही बाटल्या अंगठ्याने दाबल्या जात नाहीत. वायू धरतो आहे.

१६ मार्च, शनिवार

लाल ठिपक्याची पहिली बाटली रात्रभर थंड करून उघडली. आवाज बेताचा, फेस दोन बोटे उंच आणि टिकणारा, हॉप्सचा मोसंबीसारखा गंध स्पष्ट. हिरव्या ठिपक्याचीही एक उघडली. दोहोंत फरक जाणवला नाही. निळ्यापैकी एक उघडली, तीही चांगली होती. समाधान वाटले. (नंतरची भर : त्या समाधानात मी पुढचा महिनाभर निळ्या बाटल्यांकडे पाहिले नाही.)

१३ एप्रिल, शनिवार

मित्र जेवायला आला होता. निळ्या ठिपक्याची बाटली कपाटातून काढून लगेच उघडली आणि झाकण सुटताच बिअर कारंज्यासारखी उसळून अर्धी टेबलावर गेली. उरलेल्या बिअरला लवंगेसारखा तिखट वास होता. लाल आणि हिरव्या प्रत्येकी दोन उघडल्या. त्या ठीक होत्या.

१४ एप्रिल, रविवार

उसळलेल्या बाटलीतील उरलेली बिअर दोन पेल्यांत वर-खाली ओतून तिच्यातील वायू काढला आणि घनता मोजली : १.००९. लाल ठिपक्याच्या बाटलीतील बिअर, जिच्यातील भरणीची साखर केव्हाच संपली आहे, अजून १.०१२ दाखवते. हायड्रोमीटरवर हा तीन रेघांचा फरक, पण त्याचा अर्थ गंभीर आहे. नेहमीचे बिअरचे यीस्ट ज्या मोठ्या शर्करा खाऊ शकत नाही, त्या दुसऱ्याच कोणत्या तरी जंतूने किंवा रानटी यीस्टने बाटलीत खाल्ल्या आहेत. तीन रेघांतून लिटरमागे सुमारे तीन ग्रॅम जादा वायू होतो, म्हणजे २.४ च्या जागी ३.९ आणि २० अंशांना दाब २६ च्या जागी जवळपास ५० पीएसआय. काल ती बाटली मी उघड्या हाताने, मित्राच्या शेजारी उभा राहून धरली होती.

उरलेल्या सात निळ्या बाटल्यांचे काय करायचे, यावर थंडावा हाच उपाय आहे, कारण बिअर जितकी थंड तितका वायू तिच्यात विरघळून राहतो. ३.९ इतका वायू असलेली बाटली ४ अंशांपर्यंत थंड केली, तर आतला दाब २७ पीएसआयच्या आसपास उतरतो, म्हणजे निरोगी बाटलीच्या खोलीतल्या दाबाइतका. शिवाय थंडीत जंतूंचे कामही जवळजवळ थांबते. डोळ्यांना संरक्षक चष्मा, हातात चामड्याचे मोजे आणि लांब बाह्या घालून, पेटीवर जाड टॉवेल टाकून सातही बाटल्या एकेक करून फ्रिजमध्ये हलवल्या.

१६ एप्रिल, मंगळवार

दोन दिवसांच्या थंडाव्यानंतर सातही बाटल्या मोरीत, टॉवेलखाली उघडल्या. दोन उसळल्या, पाच शांत राहिल्या. म्हणजे नऊपैकी एकूण तीन बिघडल्या. लाल आणि हिरव्या मिळून आतापर्यंत उघडलेल्यांत एकही नाही. बिअरच बिघडलेली असती, तर सगळ्याच बाटल्या कमी-अधिक उसळल्या असत्या. दोष बाटलीतून आला.

रिकाम्या झालेल्या तिन्ही बाटल्या विजेरीपुढे धरल्या. दोन लख्ख दिसतात. तिसरीच्या खांद्याच्या आतल्या वळणावर, ज्या जागी मी ४ फेब्रुवारीला पाहिलेच नव्हते, एक फिकट रेघ आहे. त्या दिवशी माझे सगळे लक्ष तळाकडे होते. बाटली आडवी पडून राहिली तर बिअरचा उरलेला थेंब खांद्यापाशी वाळतो, हे सुचायला हवे होते. उरलेल्या दोन बाटल्यांत मला काहीच दिसत नाही आणि म्हणूनच त्या ठेवायच्या नाहीत असे ठरवले.

२० एप्रिल, शनिवार

नऊही बाटल्या विसळून अनामतीसाठी परत केल्या. ९० सेंट आले. त्या वितळून नव्या होतील, आणि त्यांच्यासाठी तेच योग्य आहे.

आजोबांना जाऊन घडलेले सगळे सांगितले. त्यांना वाईट वाटू नये अशी काळजी घेतली, कारण त्यांनी बाटल्या प्रेमाने दिल्या होत्या आणि तपासून घेणे माझे काम होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले की बाटली वापरण्याजोगी राहावी यासाठी आपण काय करावे. मी म्हटले, शेवटचा घोट पेल्यात ओतल्याबरोबर बाटलीत नळाचे पाणी घ्यावे, तीनदा हलवून ओतावे आणि ती उलटी निथळत ठेवावी. साबण नको, ब्रश नको.

२७ एप्रिल, शनिवार

पुढच्या खेपेसाठी भिजवणीचा टब आज पुन्हा बाहेर काढला. तपासणीच्या यादीत तळ आणि ओठ यांच्या मधे खांदा हा शब्द लिहिला.

सकाळी आजोबांनी दारावर येऊन सहा बाटल्या दिल्या. आतून अजून ओल्या होत्या आणि हुंगल्यावर पाण्याखेरीज कशाचाही वास आला नाही. सुकवून वजन केले : सर्वांत हलकी १९८ ग्रॅम. ओठ गुळगुळीत, खांदे स्वच्छ. या सहांच्या झाकणांवरही निळाच ठिपका देणार आहे.